ओसीआय कार्डधारक गोमंतकीयांना पंचायतीपुरते मत द्यावे

माननीय संपादक,

स. न. वि. वि.

गोव्यातील १८६ ग्रामपंचायतींसाठी १० ऑगस्ट २०२२ रोजी मतदान झाले होते. त्यांची पाच वर्षांची मुदत २०२७ मध्ये संपते आणि विधानसभेची निवडणूकही त्याच वर्षी आहे. मध्यंतरी मतदार याद्यांचे विशेष सखोल पुनरीक्षण झाले, बीएलओ (मतदान केंद्र पातळीवरचे अधिकारी) घरोघरी फिरले, आणि पोर्तुगीज पासपोर्ट घेतलेल्यांची नावे यादीत राहता कामा नयेत हा विषय पुन्हा चावडीवर आला. विदेशी नागरिकाचे नाव विधानसभेच्या यादीत असू नये याबद्दल माझ्या मनात तिळमात्र शंका नाही. मात्र नाव कमी झाल्यानंतरही जो माणूस त्याच गावात, त्याच घरात राहतो, त्याच विहिरीचे पाणी पितो आणि त्याच पंचायतीला घरपट्टी भरतो, त्याचे गावच्या कारभारात स्थान काय, याविषयी कोणी बोलताना दिसत नाही. हे पत्र त्यासाठी आहे.

मी बार्देश तालुक्यात पंचायत सचिव म्हणून नोकरी केली आणि आता निवृत्त आहे. ग्रामसभेचे इतिवृत्त लिहिणे हे सचिवाचे काम. त्यामुळे कोण बोलले आणि कोणाचे बोलणे वहीत आले नाही, हे माझ्याइतके दुसऱ्या कोणाला ठाऊक असण्याचे कारण नाही. एका रविवारच्या ग्रामसभेत डोंगराच्या पायथ्याशी चाललेल्या बंगल्यांच्या प्रकल्पाचा विषय होता. मातीचा भराव टाकून व्हाळ (ओढा) बुजवला गेला होता आणि पहिल्याच मोठ्या पावसात खालच्या वाड्यावरील घरांत गुडघाभर पाणी शिरले होते. सत्तरी ओलांडलेले एक गृहस्थ उभे राहिले. जन्म याच गावातला, तीस वर्षे तारवटी म्हणून बोटीवर काढलेली, मग मुलांना युरोपात काम मिळावे म्हणून पोर्तुगीज पासपोर्ट केला, काही वर्षे इंग्लंडात राहिले आणि पत्नी वारल्यावर कायमचे परत आले. हातात प्लास्टिकची पिशवी, तिच्यात घरपट्टीच्या जुन्या पावत्या आणि ओसीआय कार्ड, म्हणजे मूळच्या भारतीय असलेल्या विदेशी नागरिकाला भारत सरकार देते ते कार्ड. व्हाळाची मूळ वाट कुठून जात होती, मोरी कुठे होती, कोणत्या वर्षी ती रुंद केली, हे ते सांगू लागले. गावात ते सांगू शकणारी माणसे दोन-तीनच उरली होती.

त्यांना एका पंचसदस्याने थांबवले. "बाब, तुमचें नांव लिस्टींत ना. तुमी उलोवंक शकनात," (तुमचे नाव यादीत नाही, तुम्ही बोलू शकत नाही) असे तो म्हणाला. सभेत कुजबुज झाली. गृहस्थ क्षणभर थांबले आणि म्हणाले, "नांव ना, पूण घर हांगाच आसा मरे." (नाव नाही, पण घर इथेच आहे ना.) नंतर ते खाली बसले. मी त्यांचे नाव इतिवृत्तात लिहिले नाही, कारण ते ग्रामसभेचे सदस्य नव्हते. व्हाळाच्या जुन्या वाटेबद्दल त्यांनी सांगितलेलेही लिहिले नाही. नियमाने मी चुकलो नव्हतो. पण पुढे जेव्हा पाहणीसाठी अधिकारी आले आणि जुन्या वाटेचा पुरावा मागू लागले, तेव्हा वहीत काहीच नव्हते. त्याची खंत मला आजही आहे.

या गृहस्थांसारखी माणसे विदेशी कशी झाली हे गोव्याबाहेरच्या वाचकाला चटकन कळत नाही, म्हणून थोडक्यात सांगतो. १९ डिसेंबर १९६१ रोजी गोवा मुक्त झाला. २८ मार्च १९६२ च्या नागरिकत्व आदेशाने, २० डिसेंबर १९६१ पूर्वी येथे जन्मलेले, तसेच ज्यांचे आईवडील किंवा आजी-आजोबा येथे जन्मले होते असे लोक, ज्यांनी लेखी नकार दिला नाही ते, भारताचे नागरिक झाले. पोर्तुगालने मात्र भारताचे सार्वभौमत्व ३१ डिसेंबर १९७४ च्या कराराने मान्य केले, आणि पोर्तुगालच्या नागरिकत्व कायद्याने मुक्तीपूर्वी येथे जन्मलेल्यांना व त्यांच्या पुढच्या पिढ्यांना लिस्बनच्या नोंदवहीत जन्म नोंदवण्याची वाट खुली ठेवली. आपली राज्यघटना दुहेरी नागरिकत्व मानत नाही. स्वेच्छेने दुसऱ्या देशाचे नागरिकत्व घेतले की भारताचे संपते. नागरिकत्व कायद्याचे कलम ९ तेच सांगते. पासपोर्ट घेणाऱ्यांत ख्रिस्ती आहेत तसे हिंदू आणि मुसलमानही आहेत, आणि दमण व दीव येथील गुजराती भाषकांची कित्येक कुटुंबे आज इंग्लंडातील लेस्टरमध्ये आहेत ती याच मार्गाने गेली. तेव्हा या प्रश्नाला एका समाजाचा प्रश्न समजणे चूक आहे.

परत आलेल्याला ओसीआय कार्ड मिळते. त्याने तो गावात आयुष्यभर राहू शकतो आणि घर विकत घेऊ शकतो. नागरिकत्व कायद्याचे कलम ७-बी त्याला कोणते हक्क नाहीत याची यादी देते: सरकारी नोकरीतील समान संधी, राष्ट्रपती-उपराष्ट्रपतिपद, उच्च आणि सर्वोच्च न्यायालयाचे न्यायाधीशपद, लोकसभा, राज्यसभा व विधिमंडळाचे सदस्यत्व, आणि १९५० च्या लोकप्रतिनिधित्व कायद्याच्या कलम १६ नुसार मतदार म्हणून नोंदणी. या यादीत पंचायतीचे नाव कुठेही नाही. तरीही पंचायतीचे मत जाते, कारण पंचायतीची मतदार यादी विधानसभेच्या यादीवरूनच तयार होते. वेगळी यादी करण्याचा विचार गोव्यात झाल्याचे माझ्या ऐकिवात नाही, आणि माझ्या मते मूळ दोष इथेच आहे.

राज्यघटनेचा ३२६ वा अनुच्छेद प्रौढ मताधिकार भारताच्या नागरिकांना देतो, पण तो लोकसभा आणि विधानसभा यांच्याबद्दल बोलतो. पंचायतींचा भाग ७३ व्या घटनादुरुस्तीने आला आणि २४ एप्रिल १९९३ पासून अमलात आहे. त्यात ग्रामसभेची व्याख्या गावाच्या मतदार याद्यांत नोंद असलेल्या व्यक्तींची मिळून होणारी सभा अशी आहे. 'व्यक्ती' हा शब्द मुद्दाम पाहावा. पंचायत निवडणुकांसंबंधीच्या सर्व बाबींवर कायदा करण्याचा अधिकार २४३-के या अनुच्छेदाने राज्य विधिमंडळाला, घटनेतील तरतुदींच्या अधीन राहून, दिला आहे. उमेदवारीबाबत मात्र घटनेने दार बंद केले आहे. २४३-एफ म्हणतो की विधानसभेसाठी जो अपात्र तो पंचायतीसाठीही अपात्र, आणि विदेशी नागरिकत्व स्वेच्छेने घेणारा विधानसभेसाठी अपात्रच असतो. मी वकील नाही. पण आयुष्यभर हे कायदे हाताळून माझे मत असे झाले आहे की पंचायतीच्या मतासाठी वेगळी पुरवणी यादी करण्यास राज्याला वाव आहे आणि उमेदवारी देण्यास नाही. सरकारने याबाबत ॲडव्होकेट जनरलांचे लेखी मत घ्यावे आणि ते विधानसभेच्या पटलावर ठेवावे.

उमेदवारीला दार बंद आहे ते योग्यच आहे असे मी मानतो. पंच आणि सरपंच बांधकाम परवाने देतात, ना हरकत दाखले देतात, सरकारी निधी खर्च करतात. त्यांच्या एका सहीने डोंगर राहतो किंवा जातो. चुकीबद्दल त्यांना अपात्र करणे, वसुली करणे, खटला चालवणे हे सारे शक्य असले पाहिजे, आणि दुसऱ्या देशाचा पासपोर्ट खिशात असलेला माणूस अडचणीच्या दिवशी विमानात बसू शकतो. छाननीच्या दिवशी 'समोरच्याची लिस्बनला जन्मनोंद आहे' अशी हरकत येते, रात्रभर कागदपत्रांची धावपळ होते, आणि निवडून आल्यावरही तोच वाद कोर्टात चालतो, हे मी जवळून पाहिले आहे. मत देणे आणि सत्ता वापरणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. ही रेषा जगात इतरांनीही ओढली आहे. न्यूझीलंडमध्ये कायम वास्तव्याचा परवाना असलेला विदेशी मत देतो, पण निवडणुकीला उभा राहू शकत नाही. दक्षिण कोरियाने २००५ मध्ये कायदा करून कायम वास्तव्य असलेल्या विदेशींना स्थानिक निवडणुकीचे मत दिले, उमेदवारी दिली नाही, आणि २००६ मध्ये त्यांनी पहिल्यांदा मतदान केले.

आता इंग्लंडातील स्विंडन शहराचे उदाहरण, कारण गोव्यातल्या फार थोड्या लोकांना त्याचा पूर्ण अर्थ माहीत आहे. माझा भाचा तेथे एका गोदामात काम करतो. त्याचा पासपोर्ट भारतीय. त्याची पत्नी सासष्टीची, आणि वडिलांच्या जन्मनोंदीवरून तिला पोर्तुगीज पासपोर्ट मिळाला. तिच्यामुळेच त्याला तेथे राहण्याची परवानगी आहे. मे २०२४ मध्ये स्विंडनच्या नगर परिषदेची निवडणूक झाली तेव्हा दोघांनाही मतदानाचे कार्ड टपालाने आले आणि दोघांनीही मत दिले. ४ जुलै २०२४ रोजी ब्रिटिश संसदेची निवडणूक झाली तेव्हा कार्ड फक्त भाच्याला आले. कारण ब्रिटनमध्ये कायदेशीररीत्या राहणारा राष्ट्रकुलाचा नागरिक, म्हणजे भारतीयही, संसदेपर्यंतच्या सर्व निवडणुकांत मत देऊ शकतो. पोर्तुगीज नागरिकाला फक्त स्थानिक मत आहे. ब्रिटन युरोपीय संघातून बाहेर पडल्यावर तेही जाण्याची वेळ आली होती. पण जे ३१ डिसेंबर २०२० पूर्वीपासून तेथे राहतात त्यांचा हक्क राखला गेला, आणि पोर्तुगालसह काही देशांशी ब्रिटनने या विषयावर स्वतंत्र करारही केले. राष्ट्रकुलाच्या नागरिकाला उमेदवार व्हायचे असेल तर मात्र कायम वास्तव्याची परवानगी लागते.

भाच्याने फोनवर मला विचारले, "मामा, मी इथे परका असून मला मत, आणि तिला तिच्या गावात म्हातारपणी मत का नसावे?" ब्रिटनने भारतीयांना दिलेला हक्क साम्राज्याच्या इतिहासातून आलेला आहे, त्याची परतफेड भारतावर बंधनकारक नाही, असे मी त्याला सांगितले, आणि ते खरे आहे. तरी त्याच्या प्रश्नाचे उत्तर त्यात नव्हते.

युरोपीय संघात १९९२ च्या मास्ट्रिक्ट करारापासून एका सदस्य देशाचा नागरिक दुसऱ्या सदस्य देशात राहत असेल तर तेथील नगरपालिकेला मत देतो आणि उभाही राहतो. स्वीडनने त्याच्याही आधी, १९७६ च्या निवडणुकीपासून, तीन वर्षे राहिलेल्या विदेशींना स्थानिक मत दिले होते. सगळीकडे ते सहज झाले असे नाही. श्लेस्विग-होल्स्टाइन आणि हॅम्बुर्ग या जर्मन राज्यांनी विदेशींना स्थानिक मत दिले, तेव्हा जर्मनीच्या घटना न्यायालयाने ३१ ऑक्टोबर १९९० रोजी ते कायदे रद्द केले. राज्यघटनेतील 'जनता' म्हणजे नागरिक, गावपातळीवरही नागरिकच, असे त्या निकालाचे म्हणणे होते. पुढे मास्ट्रिक्ट करारासाठी जर्मनीला घटनाच दुरुस्त करावी लागली. जपानच्या सर्वोच्च न्यायालयाने १९९५ मध्ये मधली वाट धरली: घटना हा हक्क देत नाही, पण कायमच्या रहिवाशांना स्थानिक मत देणारा कायदा संसदेने केला तर घटना त्याच्या आडही येत नाही. आपल्या घटनेची पंचायतीबाबतची भाषा मला याच्या जवळची वाटते.

पोर्तुगालचे उदाहरण तर आपल्या थेट उपयोगाचे आहे. त्या देशाच्या राज्यघटनेचा १५ वा अनुच्छेद परस्परतेच्या अटीवर, म्हणजे त्यांचा देश पोर्तुगीजांना तोच हक्क देत असेल तर, विदेशींना स्थानिक निवडणुकीचा हक्क देऊ देतो. तेथे राहणाऱ्या ब्राझील आणि केप व्हर्दच्या नागरिकांना तो मिळतो. भारतीयांना मिळत नाही, कारण परस्परतेची अट आपण पूर्ण करत नाही. आलेंतेजु प्रांतात ओदेमिरा परिसरातील हरितगृहांत पंजाबपासून अनेक राज्यांतले भारतीय मजूर राबतात, तेथे कर भरतात, आणि ज्या नगरपालिकेच्या हद्दीत राहतात तिला मत देऊ शकत नाहीत. पोर्तुगीज नागरिकत्व असलेल्या आपल्याच माणसांना गोव्याने पंचायतीचे मत दिले, तर लिस्बनशी बोलताना दिल्लीच्या हाती काहीतरी असेल.

किनाऱ्यावर हंगामात येऊन राहणारे रशियन, ब्रिटिश वा इस्रायली पाहुणे या मागणीत येत नाहीत. पर्यटक व्हिसावर किंवा धंद्याच्या व्हिसावर असलेला माणूस मोरजी, हरमल वा हणजुणे येथे कितीही हंगाम आला, तरी त्याचे वास्तव्य मुदतीचे असते. त्याला कचरा, पाणी, भाडे याबद्दल तक्रार करण्याचा हक्क आहेच. मत मागण्याइतका त्याचा संबंध जुळलेला नाही.

खरी हरकत वेगळ्या बाजूने येईल याची मला जाणीव आहे. ज्यांनी आपल्या सोयीसाठी भारताचे नागरिकत्व सोडले त्यांनी आता मत कसले मागायचे, असे अनेक वाचक म्हणतील, आणि त्यांत माझे जवळचे मित्रही आहेत. मुक्तिलढ्यात तुरुंग भोगलेल्यांच्या घरात हा विषय काढणेही जड जाते, हे मी समजतो. विधानसभेचे आणि लोकसभेचे मत देशाच्या सत्तेत वाटा देते, ते नागरिकाचेच राहिले पाहिजे. पंचायतीचे मत व्हाळ, रस्त्यावरचा दिवा, कचऱ्याची शेड आणि स्मशानाची वाट याबद्दलचे आहे. भारतीय पासपोर्ट असलेला आणि परदेशात स्थायिक झालेला गोमंतकीय २०११ पासून अनिवासी मतदार म्हणून नाव नोंदवू शकतो आणि मतदानाच्या दिवशी येऊन विधानसभेचे मत देऊ शकतो, मग गावात तो वीस वर्षे राहिलेला नसला तरी चालतो. परराज्यातून येऊन गावात फ्लॅट घेऊन राहू लागलेला भारतीय नागरिकही थोड्याच काळात मतदार होतो, आणि ते त्याच्या हक्काचे आहे. त्याच्याविरुद्ध माझा एक शब्दही नाही. फक्त या दोघांच्या मध्ये, गावात जन्मलेला आणि गावातच मरणार असलेला माणूस मुका बसतो.

आपल्याकडे या गोष्टीचा जुना अनुभव आहे. गावकारीत, म्हणजे गावची सामाईक जमीन सांभाळणाऱ्या कोमुनिदाद या जुन्या संस्थेत, हक्क वंशाने जातो. गावात पिढ्यान्‌पिढ्या राबलेला कूळ वा मुंडकार (जमीनमालकाच्या जागेत घर करून राहणारा) गावकार होत नाही. मुक्तीनंतर १९६२ मध्ये पंचायती आल्या आणि गावात राहणाऱ्या प्रत्येक प्रौढाला, भाटकाराला (जमीनमालकाला) आणि मुंडकाराला, सारखे मत मिळाले. पंचायत ही गावात राहणाऱ्यांची संस्था म्हणून इथे रुजली ती तेव्हापासून.

म्हणून माझी मागणी मर्यादित आहे. ज्याचा स्वतःचा किंवा आईवडिलांपैकी एकाचा जन्म गोव्यात झाला आहे, ज्याच्याकडे ओसीआय कार्ड आहे, आणि जो सलग किमान तीन वर्षे त्या पंचायतीच्या हद्दीत प्रत्यक्ष राहतो, अशा व्यक्तीचे नाव राज्य निवडणूक आयोगाने वेगळ्या पुरवणी यादीत घ्यावे आणि त्या यादीवर फक्त पंचायतीचे मतदान व्हावे. प्रत्यक्ष वास्तव्याचा पुरावा कडक असावा, नाहीतर निवडणुकीच्या आदल्या आठवड्यात विमानाने माणसे उतरवण्याचा नवा धंदा सुरू होईल. उमेदवार काय काय करू शकतात हे मी पाहिलेले आहे. ही यादी झाली तर आणखी एक फायदा होईल. आज पासपोर्ट बदललेले कित्येक लोक भीतीने किंवा अज्ञानाने जुने मतदार ओळखपत्र तसेच ठेवतात, आणि मग गावातील भांडणात कोणीतरी फॉर्म ७ (यादीतील नावाला हरकत घेण्याचा अर्ज) भरून त्यांचे नाव उघड करतो. सरळ मार्ग मिळाला तर ही माणसे विधानसभेच्या यादीतून स्वतःहून बाहेर येतील.

कायदा बदलायला वेळ लागेल. तोवर पंचायत संचालनालयाने एक परिपत्रक काढावे: अध्यक्षांच्या परवानगीने ग्रामसभेत बोललेल्या, गावात राहणाऱ्या ओसीआय कार्डधारकाचे म्हणणे सचिवाने इतिवृत्तात 'रहिवासी, मताधिकार नाही' अशा शेऱ्यासह नोंदवावे. यासाठी घटना बदलावी लागत नाही की पैसाही लागत नाही. येत्या ग्रामसभांत गावोगावच्या मतदारांनी असा ठराव मांडावा आणि तो गटविकास अधिकाऱ्यांमार्फत वर पाठवावा, अशी माझी विनंती आहे. माझ्या गावात मी तो मांडणार आहे. ज्या गृहस्थांचा मी उल्लेख केला त्यांना मी त्या सभेला बोलावले आहे, आणि व्हाळाच्या जुन्या वाटेचा त्यांनी हाताने काढलेला नकाशा ठरावासोबत जोडणार आहे.

आपला विश्वासू,
एक निवृत्त पंचायत सचिव,
बार्देश, गोवा